मासा वाढवायचा की आधी जगवायचा? मत्स्यशेतीतलं नवं संशोधन आणि तळ्यातला हिशोब

पाणवठा (धागाकर्ता)

२०२२ साली जगभरात शेतीतून आलेले मासे, कोळंबी, शिंपले वगैरे जलचर ९.४४ कोटी टन भरले. एकूण जलचर उत्पादनात हा वाटा ५१ टक्के होता, म्हणजे शेतीने मासेमारीला पहिल्यांदाच मागे टाकलं. हे आकडे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालातले आहेत.

यामागे बरंच संशोधन आहे, पण त्याची चर्चा बहुतेक वेळा "अमुक टक्के जलद वाढ" इथेच थांबते. माझं म्हणणं असं की तळ्यातलं खरं नुकसान मरतुकीत असतं. एक लाख कोळंबी बीज सोडलं, ६० टक्के जगलं आणि २० ग्रॅमला काढलं, तर माल १२०० किलो. वाढ १० टक्क्यांनी सुधारली तर १३२० किलो. वाढ तीच ठेवून जगणूक ६० वरून ७५ वर नेली तर १५०० किलो. शिवाय शेवटच्या महिन्यात मेलेली कोळंबी तोवरचं सगळं खाद्य पोटात घेऊन गेलेली असते, ते या हिशोबात धरलेलंच नाही.

तेव्हा जाणकारांनी इथे लिहावं: कोणतं संशोधन खरोखर तळ्यापर्यंत पोचलं, ते वापरायचं कसं, आणि वापरताना चुकतं कुठे. प्रमाणं आणि आकडे द्या, म्हणजे वाचणाऱ्याला हातात काहीतरी मिळेल.

---

गुणसूत्र

पाणवठा, हिशोब बरोबर आहे, पण वाढीची निवड इतकी हलकी घेऊ नका. ती पिढ्यान्‌पिढ्या साठत जाते. १९८८ मध्ये फिलिपीन्समध्ये 'गिफ्ट' तिलापियाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगल इथला जंगली साठा आणि आशियातले चार शेतीतले वाण एकत्र केले होते. त्यानंतर दर पिढीला १० ते १५ टक्के वाढ मिळत गेली. १२ टक्के धरले तरी पाच पिढ्यांत १.७६ पट होते. रोहूचा 'जयंती' वाण याच वाटेने आला.

आता नवीन काय? रोगप्रतिकार मोजायचा तर मासा रोगाला सामोरा न्यावा लागतो, आणि तसा मासा पुन्हा प्रजननाला घेता येत नाही. म्हणून पूर्वी त्याच्या सख्ख्या भावंडांची चाचणी करून अख्ख्या कुटुंबाला एकच गुण देत. पण एका कुटुंबातली सगळी भावंडं सारखी नसतात. जनुकीय खुणा वाचल्या की कुटुंबाच्या आतला हा फरकही दिसतो, आणि रोगाला कधीच न भेटलेला मासा त्याच्या डीएनएवरून निवडता येतो. यालाच जीनोमिक निवड म्हणतात. यातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष मला हा वाटतो की पन्नास हजार खुणांची महाग चिप लागत नाही. माशांत नाती जवळची असतात, त्यामुळे एक-दोन हजार खुणांतही जवळपास तेवढीच अचूकता येते. लहान कार्यक्रमांना त्यामुळे वाट मोकळी झाली.

तुमच्या 'जगणूक आधी' या मुद्द्याला सगळ्यात मोठा पुरावा सामनचा आहे. 'आयपीएन' या विषाणूरोगाला होणारा प्रतिकार मुख्यतः गुणसूत्र २६ वरच्या एकाच भागावर ठरतो, हे २००८ च्या सुमारास स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या गटांनी वेगवेगळं दाखवलं. त्या भागाची चांगली प्रत असलेलीच अंडी विकायला सुरुवात झाली आणि काही वर्षांत नॉर्वेतले उद्रेक झपाट्याने खाली आले. पण हे नशीब दर रोगाला लाभत नाही. सामनवरच्या उवांना होणारा प्रतिकार शेकडो जनुकांत विखुरलेला आहे, तिथे दर पिढीला थोडं थोडंच पुढे जाता येतं.

हॅचरीत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रात, चुकतं ते नरांच्या संख्येत. ५० जनक (प्रजननासाठी ठेवलेले मासे) आहेत, म्हणून निर्धास्त राहतात. पण प्रभावी संख्या ही ४ गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण, अशी निघते. २५ नर आणि २५ माद्या असतील तर ५०, आणि अंतःप्रजनन दर पिढीला १ टक्का. ५ नर आणि ४५ माद्या असतील तर फक्त १८, आणि अंतःप्रजनन २.८ टक्के. चार-पाच पिढ्यांत वाकडे मणके, कमी अंडी, कमी जगणूक दिसायला लागते, आणि दोष मात्र पाण्याला नाहीतर खाद्याला जातो.

---

भरतीओहोटी

शिंपल्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. कालवांच्या हॅचरीत एका साध्या रसायनशास्त्राने अख्खा व्यवसाय वाचवला.

२००७-०८ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत लार्वांच्या, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या, टाक्याच्या टाक्या मरू लागल्या. आधी संशय जीवाणूंवर होता. नंतर कळलं की वाऱ्यामुळे समुद्राच्या खोलातलं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी किनाऱ्याला वर येत होतं आणि तेच हॅचरीत ओढलं जात होतं. कालवाचा लार्वा पहिल्या दोन दिवसांत आपलं पहिलं कवच बांधतो, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. तेव्हा त्याला धड खाताही येत नसतं, सगळी ऊर्जा अंड्यातली शिदोरी. त्या ४८ तासांत त्याच्या वजनाचा ९० टक्क्यांपर्यंतचा भाग कवच असतो. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तेच कवच बांधायला जास्त ऊर्जा जाते आणि शिदोरी संपते. लार्वा लगेच मरत नाही. आठवड्याभराने वाढ थांबते आणि मग टाकी बसते, म्हणून कारण शोधायला इतका वेळ गेला.

यातून दोन धडे निघाले. पहिला म्हणजे फक्त पीएच बघून भागत नाही. अॅरागोनाइटची (लार्वाचं कवच ज्या कार्बोनेट खनिजाचं बनतं त्याची) संपृक्तता बघावी लागते, आणि ती काढायला पीएच, क्षारता (पाण्याची आम्ल झेलायची ताकद), तापमान, खारेपणा असं सगळं लागतं. दीडच्या वर असेल तर बरं. दुसरा धडा उपायाचा: पाण्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट सोडायचं. खाण्याचा सोडा का नाही? तो क्षारतेच्या दर एककामागे एक कार्बन आत आणतो, धुण्याचा सोडा अर्धाच आणतो. म्हणून संपृक्तता धुण्याच्या सोड्याने जास्त चढते. पण दाट द्रावण एकाच जागी ओतलं तर पाणी पांढरं होतं, क्षार तिथेच खाली बसतात आणि केलेलं फुकट जातं. आधी गोड्या पाण्यात विरघळवून, पातळ करून, वाहत्या प्रवाहात थेंबाथेंबाने सोडावं. आणि पाणी शक्यतो दुपारनंतर भरावं. दिवसभरात शेवाळ आणि समुद्रगवताने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो, पहाटेचं पाणी सगळ्यात वाईट.

विषाणूचंही आहेच. २००८ मध्ये फ्रान्समध्ये कालवांच्या नागीण-विषाणूचा नवा प्रकार आला आणि लहान बीज मोठ्या प्रमाणात मेलं. पाणी १६ अंशांच्या वर गेलं की उद्रेक सुरू होतो. प्रतिकारक्षम कुळं निवडण्याला चांगलं यश आलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात ट्रे ३० सेंटीमीटर वर टांगले, म्हणजे कालवं ओहोटीला जास्त वेळ पाण्याबाहेर राहिली, तर मोठ्या कालवांची मर बरीच घटली. बिजाला मात्र त्याचा फायदा झाला नाही.

---

खाजणकाठ

कोळंबीत सध्या सगळ्यात जास्त पैसा बुडवणारा रोग मारत नाही, खुरटवतो. ईएचपी, यकृत-स्वादुपिंडातला सूक्ष्म बुरशीसदृश परजीवी. २००९ मध्ये थायलंडमधून त्याचं वर्णन झालं. मरतूक दिसत नाही, म्हणून खाद्य चालूच राहतं, आणि ९० दिवसांनी जाळ्यात ५ ग्रॅमपासून १८ ग्रॅमपर्यंत सगळे आकार येतात. खात्रीचं औषध नाही. तेव्हा सगळी लढाई तळं भरायच्या आधीची.

याचे बीजाणू जाड कवचाचे असतात आणि सुक्या मातीत टिकतात. थायलंडच्या संशोधकांनी सुचवलेली पद्धत अशी: गाळ काढायचा, तळ पूर्ण वाळवायचा, मग हेक्टरी ६ टन कळीचा चुना पसरून १० ते १२ सेंटीमीटर खोल नांगरायचा आणि त्यावर पाणी शिंपून माती ओली करायची. मातीचा पीएच १२ किंवा वर जाऊन दोन दिवस तरी राहिला पाहिजे. आठवडाभर तसंच ठेवून पुन्हा वाळवायचं.

चुकतं तीन ठिकाणी. कळीच्या चुन्याऐवजी चुनखडीची पूड टाकली जाते. ती स्वस्त असते, दिसायला तशीच, पण तिने पीएच ८ च्या आसपासच अडतो, बीजाणूला काही होत नाही. किंवा चुना खरा असतो पण महिनाभर उघड्यावर पडून हवा खाऊन विरलेला. किंवा चुना कोरडाच पसरतात आणि पाणी शिंपडतच नाहीत. ओलाव्याशिवाय प्रतिक्रियाच नाही. म्हणून टनांपेक्षा पीएचवर विश्वास ठेवा: एक भाग माती, एक भाग डिस्टिल्ड वॉटर, ढवळून मीटर घालायचा, तळ्याच्या पाच-सहा जागी, आणि नाल्यापाशी आवर्जून. चुना भिजताना उकळतो, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच.

पाइप, टाक्या, जाळी यांना ४० पीपीएम क्लोरीन १५ मिनिटं किंवा १५ पीपीएम पोटॅशियम परमँगनेट १५ मिनिटं, एवढ्याने बीजाणू निकामी होतात असं प्रयोगांत दिसलं. हॅचरीत जनक कोळंबीला जिवंत समुद्री किडे घालतात, रोग बहुधा तिथूनच शिरतो. उणे २० अंशांवर किमान दोन तास गोठवले तर ईएचपी मरतो. पण गोठवण्याने पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू मरत नाही, तेव्हा त्याची चाचणी वेगळी हवीच.

---

पाणवठा

खाजणकाठ, पांढरी विष्ठा तरंगताना दिसली की लोक लगेच ईएचपी म्हणतात. ते धरायचं का?

खाजणकाठ

नाही. पांढरी विष्ठा व्हिब्रिओ जीवाणूंमुळेही होते, आणि ईएचपी असूनही विष्ठा पांढरी नसते असंही होतं. पीसीआरशिवाय, म्हणजे रोगाचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीशिवाय, नाव घेऊ नये. त्यातही बीजाणूच्या कवचातल्या प्रथिनाच्या जनुकावर बेतलेली चाचणी मागा. जुनी चाचणी जवळच्या दुसऱ्या परजीवींनाही होकार देते.

---

शेवाळ

बायोफ्लॉकबद्दल बोलायलाच हवं. यात टाकीत साखर घालून जीवाणू वाढवतात, ते अमोनिया अंगात बांधून घेतात आणि त्यांचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, पाण्यात तरंगतात. बोलायला हवं, कारण त्यात प्रमाणाचा सगळ्यात जास्त घोळ होतो.

१ किलो खाद्य, ३५ टक्के प्रथिनं. प्रथिनात नत्र १६ टक्के, म्हणजे ५६ ग्रॅम. त्यातलं निम्मं अमोनिया होऊन पाण्यात येतं असं धरलं तर २८ ग्रॅम. इस्रायलच्या अव्हनिमेलेख यांच्या १९९९ च्या सूत्राप्रमाणे १ ग्रॅम अमोनिया-नत्र जीवाणूंच्या अंगात बांधायला २० ग्रॅम पिष्ट किंवा साखर लागते, म्हणजे ५६० ग्रॅम. मळीत निम्मी साखर धरली तर मळी १.१ किलो, जवळजवळ खाद्याएवढीच.

मळी पाण्यात पातळ करून सकाळच्या खाद्यानंतर दोन तासांनी द्यावी. संध्याकाळी देऊ नये. साखर पडताच जीवाणू प्राणवायूवर तुटून पडतात, आणि रात्री तसाही प्राणवायू उतरत असतो. विद्राव्य प्राणवायू लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर मळीचा डबा उघडूच नये. आणि दाट फ्लॉकच्या टाकीत वीज गेली तर हाताशी अर्धा-एक तासच असतो, म्हणून जनरेटर आपोआप चालू होणाराच हवा.

अमोनियाचा एकच आकडा बघून घाबरू किंवा निर्धास्त राहू नये. २८ अंशांवर पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग १ टक्क्याच्याही आत असतो, पीएच ८ ला साडेसहा टक्के, पीएच ९ ला ४१ टक्के. त्याच टाकीत दुपारी पीएच चढला की तेच पाणी घातक.

---

नत्रचक्र

शेवाळ, सूत्र बरोबर आहे, पण ते रोज, शेवटपर्यंत वापरायचं नाही. हा मुद्दा सुटला तर टाकी गाळाने भरते.

१ ग्रॅम अमोनिया-नत्र साखरेवर वाढणाऱ्या जीवाणूंनी घेतलं तर ८ ग्रॅम सुका गाळ तयार होतो. तेच नायट्रिफाय करणाऱ्या (अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या) जीवाणूंनी घेतलं तर ०.२ ग्रॅम. तुमच्या २८ ग्रॅमचे म्हणजे २२६ ग्रॅम विरुद्ध साडेपाच ग्रॅम. प्राणवायू दोन्हीकडे जवळपास तेवढाच लागतो. म्हणून पहिले काही आठवडे, नायट्रिफायर बसेपर्यंत साखर द्यायची, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही खाली आले की साखर हळूहळू बंद करायची. इमहॉफ शंकूत (गाळ मोजायच्या, खुणा असलेल्या शंकूच्या भांड्यात) लिटरभर पाणी २०-३० मिनिटं ठेवा. कोळंबीत १० ते १५ मिलिलिटर गाळ पुरे, तिलापियाला २५ ते ५० चालतो. त्याच्या वर गेला की निवळणी टाकीतून काढा, नाहीतर कल्ले चोंदतात.

आता खरी मेख. साखर बंद केली की क्षारतेची भूक दुप्पट होते. साखरवाले जीवाणू १ ग्रॅम नत्रामागे ३.५७ ग्रॅम क्षारता खातात, नायट्रिफायर ७.०५ ग्रॅम. खाण्याच्या सोड्यात सांगायचं तर किलो खाद्यामागे आधी सुमारे १७० ग्रॅम आणि नंतर ३३० ग्रॅमपर्यंत. प्रत्यक्षात दोन्ही जीवाणू मिसळून असतात, म्हणून २०० ते २५० ग्रॅमचा ढोबळ नियम आलेला आहे. पण साखर थांबवणारे सोडा वाढवत नाहीत. दोन आठवड्यांत क्षारता १०० च्या खाली, पीएच ६.५ कडे, नायट्रिफायर मंदावतात आणि अमोनिया परत डोकं काढतो. मग लोक पुन्हा मळी ओततात. दर दोन दिवसांनी क्षारता मोजून १०० ते १५० मिलिग्रॅमवर धरून ठेवा, एवढं केलं तरी ही फेरी टळते.

गोड्या पाण्यात नायट्राइट चढलं तर मीठ. क्लोराइड हे नायट्राइट-नत्राच्या किमान १० पट ठेवावं, म्हणजे नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला जागा मिळत नाही. मिठात क्लोराइड ६० टक्के असतं. १०० मिलिग्रॅम क्लोराइड हवं तर हजार लिटरला सुमारे १६५ ग्रॅम मीठ.

---

खुराक

खाद्यातलं संशोधन मला सगळ्यात आशेचं वाटतं. नॉर्वेतल्या सामनच्या खाद्यात १९९० मध्ये ९० टक्के घटक समुद्रातून येत, २०१३ मध्ये ३० टक्के. उरलेलं बहुतेक वनस्पतीजन्य.

पण वनस्पतीतला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट म्हणून कुलूपबंद असतो. मासा तो पचवू शकत नाही, विष्ठेतून तळ्यात सोडतो आणि शेवाळ माजतं. फायटेज हे विकर ते कुलूप उघडतं, पण त्याला आम्ल लागतं. सामन, तिलापिया यांना पोट आहे. रोहू, कटला, कार्प यांना पोटच नाही, थेट आतडं, तेही अल्कधर्मी. म्हणून पोटाच्या माशावर चाललेली मात्रा कार्पच्या खाद्यात तशीच टाकली की परिणाम तोकडा पडतो. रोहूच्या बोटुकल्यांवरच्या प्रयोगांत किलोला ५०० युनिट फायटेजबरोबर ३ टक्के सायट्रिक आम्ल दिलं, तेव्हा खनिजांचं शोषण सुधारलं. दुसरी वाट म्हणजे सोयापेंड आधीच फायटेजच्या पाण्यात भिजवून घेणं. आणि फायटेज गोळी पाडण्याआधी मिसळू नये. एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत ते मरतं. गोळी गार झाल्यावर तेलाबरोबर फवारावं.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचं पीठ चांगलं आहे, युरोपीय संघाने ते जुलै २०१७ पासून मत्स्यखाद्यात चालू दिलं. फक्त लेबलवरचं प्रथिन तपासा. अळीच्या कायटिनमध्येही, म्हणजे तिच्या कवचाच्या द्रव्यातही, नत्र असतं. नत्र ८ टक्के असेल तर नेहमीच्या ६.२५ ने गुणून ५० टक्के प्रथिन दिसतं. अळ्यांसाठी सुचवलेला गुणक ४.७६, त्याने ३८. फरक १२ टक्क्यांचा, आणि तो वाढीत दिसतो.

---

गुणसूत्र

गोड्या पाण्यातल्या जंबो कोळंबीचं राहिलं. तिच्यात नर मोठे होतात. इस्रायलमध्ये बेन-गुरियन विद्यापीठातल्या अमीर सागी यांच्या गटाने नरसंप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथीचं जनुक आरएनए टोचून काही काळ मुकं केलं. लहानपणीच टोचलेला नर मादी होतो, अंडी घालतो, पण गुणसूत्रं नराचीच, झेडझेड. त्याला साध्या नराशी जुळवलं की सगळी पिल्लं नर. पिल्लांच्या डीएनएत काही बदललेलं नसतं आणि संप्रेरकही दिलेलं नसतं. तिलापियात अजून २१-२८ दिवस खाद्यातून संप्रेरक देतात, त्याच्या मानाने ही फार स्वच्छ पद्धत आहे.

जनुक-संपादनात जपानने २०२१ मध्ये लाल सी-ब्रीम आणि पफर बाजारात येऊ दिले. सी-ब्रीमचं मांस सुमारे १.२ पट. काम भक्कम आहे, पण मासा निसटला तर काय, याचं उत्तर म्हणून वंध्य मासा तयार होईपर्यंत मी तरी उघड्या पिंजऱ्यात तो सोडायला तयार नाही.

---

भरतीओहोटी

वंध्यत्वाचा विषय निघालाच आहे म्हणून: कालवांत त्रिगुणित बीज हेच करतं. चतुर्गुणित नर आणि साधी मादी, सगळी पिल्लं तीन संचांची. अंडी घालण्यात ताकद जात नाही, म्हणून उन्हाळ्यातही मांस भरलेलं. पण अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात आणि मेक्सिकोच्या आखातात काढणीला आलेली त्रिगुणित कालवं अचानक मरण्याचे प्रसंग आले आहेत, विशेषतः पाणी तापलेलं आणि खारेपणा उतरलेला असताना. पावसाळ्यात ज्या खाडीचा खारेपणा पडतो, तिथे सगळं बीज त्रिगुणित घेऊ नका, निम्मं साधं ठेवा.

---

पाणवठा

खाजणकाठ, एक शेवटचं. बीज घेताना पीसीआरला किती पिल्लं द्यायची? कोणी ३० म्हणतं, कोणी १५०.

खाजणकाठ

किती टक्के लागण पकडायची आहे त्यावर. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५ टक्के लागण पकडायला ६० पिल्लं लागतात, २ टक्के पकडायला १५०. ३० दिली तर १० टक्क्यांच्या खालची लागण सहज निसटते. पिल्लं टाकीच्या एकाच कोपऱ्यातून जाळीने उचलू नका. ढवळून, चार-पाच जागांहून घ्या, आणि अशक्त, तळाशी रेंगाळणारी आवर्जून घ्या. दीडशेच्या दीडशे एका नळीत कुटली तर हलकी लागण पातळ होऊन हरवते, म्हणून पन्नास-पन्नासचे तीन गट करा. आणि बीज शुद्ध निघालं तरी तळ्यात सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा तपासा. लहान पिल्लांत न दिसलेला ईएचपी तेव्हा दिसतो, आणि तोवर खाद्याचा मोठा खर्च व्हायचा असतो.